लांब आणि बारीक शाफ्ट सीएनसी लेथवर टर्न करणे : तयारी, टप्प्यांचा क्रम आणि हमखास होणाऱ्या चुका

भोसरी असो, शिरोली असो किंवा सातपूर, जॉब वर्क करणाऱ्या बहुतेक शॉपमध्ये लांब शाफ्ट बिघडतो तो एकाच पद्धतीने. प्रोग्राम बरोबर असतो, इन्सर्ट (टूलची बदलता येणारी कापणारी धार) नवा असतो, पहिले माप डायलवर (सूक्ष्म फरक काट्याने दाखवणाऱ्या मापकावर) नेमके येते आणि चकमधून सोडल्यावर शाफ्ट वाकडा निघतो, किंवा मधला भाग दोन्ही टोकांपेक्षा जाड भरतो. मग ऑपरेटर ऑफसेट, म्हणजे टूलच्या मापाची दुरुस्ती, बदलत बसतो. ऑफसेटने असा जॉब सुधारत नाही, कारण चूक शेवटच्या पासमध्ये झालेलीच नसते. ती कच्च्या बारमध्ये, सेंटरच्या भोकांमध्ये किंवा आधार देण्याच्या पद्धतीत आधीच झालेली असते. म्हणून या लेखात कटिंगपेक्षा तयारीला जास्त जागा दिली आहे.

उदाहरणासाठी पंपाचा एक शाफ्ट घेऊ. मटेरियल ईएन ८ (मध्यम कार्बन स्टील), एकूण लांबी ६२० मिमी. इम्पेलरच्या टोकाकडून पाहिल्यास आधी एम १६ × १.५ चे २५ मिमी थ्रेड, मग ५० मिमी लांबीचा १:१० टेपर (लहान व्यास १७, मोठा २२), मग २५ के६ ची (व्यास २५, के६ हा टॉलरन्स) ४० मिमी लांब बेअरिंग सीट, त्यानंतर २८ व्यासाची ४०० मिमी लांब बॉडी, पुन्हा तशीच बेअरिंग सीट आणि शेवटी २४ व्यासाचे ६५ मिमी लांब कपलिंगचे टोक. दोन्ही बेअरिंग सीट शेवटी सिलिंड्रिकल ग्राइंडिंगवर पूर्ण होतील, बाकी सर्व काम लेथवर होईल.

१. ड्रॉइंग आणि मशीन यांचा मेळ घालणे

लांबीला व्यासाने भागावे. आपल्या शाफ्टसाठी हा आकडा साधारण २२ येतो. तीन-चारपर्यंत नुसता चक पुरतो, दहापर्यंत टेलस्टॉक (जॉबच्या दुसऱ्या टोकाला सेंटरने आधार देणारा भाग) लावून काम होते, त्यापुढे मात्र स्टेडी (मध्ये रोलरांनी आधार देणारे साधन) लागतेच. आपल्या मशीनवर चकपासून टेलस्टॉकपर्यंत ६५० मिमी जागा मिळते का, स्टेडी बेडवर बसते का आणि स्टेडी बसल्यावर टरेट (टूल धरणारे फिरते डोके) तिला न आपटता दोन्ही बाजूंना जातो का, हे बार कापण्याआधी मोजून घ्यावे.

स्टेडी का लागते, हे एका साध्या हिशोबावरून कळते. २८ मिमी व्यासाचा शाफ्ट ६२० मिमी अंतरावरच्या दोन टोकांवर टेकलेला आहे आणि टूल मधोमध ५० न्यूटन, म्हणजे जवळपास पाच किलो वजनाइतक्या जोराने, त्याला बाजूला ढकलते आहे असे समजू. तेवढ्यानेच शाफ्ट सुमारे ०.०४ मिमी मागे सरकतो आणि व्यास ०.०८ मिमी जाड राहतो. मध्ये आधार दिला की अंतर निम्मे होते आणि वाक आठपट कमी होतो, कारण वाक लांबीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो.

२. बार निवडणे

ब्राइट बार दिसायला सरळ आणि मापाला नेमका असतो, म्हणून लांब शाफ्टसाठी तो उचलण्याचा मोह होतो. पण थंड अवस्थेत ओढल्यामुळे त्याच्या वरच्या थरात ताण अडकलेला असतो. थर सगळीकडून सारखा निघाला तर निभावते. एका बाजूने जास्त निघाला किंवा की-वे पाडला की शाफ्ट वाकतो. आपल्या कामासाठी हॉट रोल्ड आणि नॉर्मलाइझ केलेला ३२ मिमीचा बार घ्यावा आणि तो ६२४ मिमी लांब कापावा.

बार दोन व्ही-ब्लॉकवर ठेवून हाताने फिरवावा आणि मध्यभागी डायल लावावा. डायलवर दिसणारा फरक प्रत्यक्ष वाकाच्या दुप्पट असतो, हे लक्षात ठेवावे.

*तपासणी :* फरक ०.५ मिमीपेक्षा जास्त असेल तर दुसरा बार घ्यावा. प्रेसवर दाबून सरळ केलेला बार त्या वेळी सरळ दिसतो, पण प्रेसने त्यात नवा ताण भरलेला असतो आणि रफिंगनंतर तो बहुधा पुन्हा वाकतो.

३. फेसिंग आणि सेंटर

या शाफ्टचा खरा डेटम (मापाचा मूळ आधार) म्हणजे दोन टोकांची सेंटरची भोके. रफिंग, फिनिशिंग, ग्राइंडिंग आणि शेवटची तपासणी ही चारही कामे त्यांच्याच आधाराने होतात. तरीही सर्वांत घाईने उरकले जाणारे काम हेच असते.

बार स्पिंडलमध्ये आत सरकवावा, चकबाहेर फक्त ४० मिमी ठेवावा, फेसिंग करावे आणि त्याच पकडीत सेंटर पाडावे. मग बार उलटवून दुसऱ्या टोकालाही तसेच करावे व लांबी ६२० वर आणावी. ग्राइंडिंगपर्यंत भोक टिकायला हवे असल्याने बी प्रकारचे सेंटर ड्रिल वापरावे. त्याने ६० अंशांच्या बसण्याच्या पृष्ठभागाबाहेर १२० अंशांचा आणखी एक उतार पडतो आणि जॉब कुठे आपटला तरी बसण्याची कड शाबूत राहते. ड्रिल टरेटमध्ये असेल तर त्याचा अक्ष स्पिंडलच्या अक्षावर आहे ना, हे स्पिंडलला डायल लावून पाहून घ्यावे. अक्ष सरकलेला असेल तर भोक घंटेच्या आकाराचे होते आणि रिव्हॉल्व्हिंग सेंटर त्यात फक्त एका कडेवर टेकतो.

*तपासणी :* सेंटरच्या टोकाला निळ्याचा (ठसा पाहायच्या निळ्या रंगाचा) पातळ हात द्यावा, ते भोकात हलके फिरवावे आणि बाहेर काढावे. निळा रंग पूर्ण गोलाईत लागलेला दिसला पाहिजे. अर्धी कड कोरी राहिली असेल तर भोक पुन्हा करावे. या ठिकाणी वाचवलेली पाच मिनिटे ग्राइंडिंगवर तासाने वसूल होतात.

*सावधान :* लांब बार स्पिंडलच्या मागून बाहेर येत असेल तर त्याला आतून बुश आणि बाहेरून आधार दिल्याशिवाय स्पिंडल फिरवू नये. आधार नसलेले टोक वेग वाढताच वाकते आणि चाबकासारखे फिरते. त्याच्या टप्प्यात आलेला माणूस वाचणे कठीण असते.

४. पकड आणि टेलस्टॉकचा दाब

सॉफ्ट जॉ (चकचे बोअर करता येणारे मऊ जबडे) जॉबच्या व्यासालाच आणि ज्या दाबावर जॉब पकडायचा त्याच दाबावर बोअर करावेत. जॉब फक्त १५ मिमी लांबीत पकडावा. जास्त लांब पकड सुरक्षित वाटते, पण या कामात ती घातक ठरते. ५० मिमी पकडलेला बार जबड्यांच्या दिशेने उभा राहतो आणि टेलस्टॉकचा सेंटर त्याला आपल्या दिशेने ओढतो. दोघांच्या या ओढाताणीत बार ताणलेल्या अवस्थेत टर्न होतो आणि सोडल्यावर मूळ वळणावर परत जातो. थोड्या लांबीत पकडलेला बार सेंटरच्या रेषेत स्वतः येऊन बसतो.

टेलस्टॉकचा हायड्रॉलिक दाब अंदाजाने लावू नये. जॉबच्या मध्यभागी डायल लावावा आणि क्विल (टेलस्टॉकचा पुढे-मागे सरकणारा भाग) पुढे घ्यावी. सेंटर बसताना काटा ०.०२ मिमीपेक्षा जास्त हलला, तर दाब जास्त आहे किंवा सेंटरचे भोक वाकडे आहे. काटा वर-खाली आणि आडव्या अशा दोन्ही दिशांनी पाहावा.

उष्णतेचाही हिशोब ठेवावा लागतो. ६२० मिमी लांबीचा स्टीलचा शाफ्ट १५ अंशांनी तापला की साधारण ०.१ मिमी वाढतो. हायड्रॉलिक क्विल ही वाढ बऱ्याच अंशी पोटात घेते. हाताने लॉक केलेला टेलस्टॉक मात्र ती घेत नाही आणि शाफ्ट मध्ये फुगतो. असा टेलस्टॉक असेल तर प्रत्येक रफ पासनंतर क्विल सैल करून पुन्हा लावावी.

*तपासणी :* टेलस्टॉक स्पिंडलच्या रेषेत आहे की नाही, हे याच जॉबवर कळते. चकजवळ आणि टेलस्टॉकजवळ १५ मिमी रुंदीचा एकेक पट्टा एकाच एक्स मापावर हलक्या कटने टर्न करावा आणि दोन्ही मोजावेत. टेलस्टॉक आडवा ०.०२ सरकलेला असेल तर व्यासात ०.०४ चा फरक दिसतो. फरक ०.०१ च्या आत आणूनच पुढे जावे.

५. स्टेडीचा पट्टा आणि स्टेडी बसवणे

स्टेडी कच्च्या बारवर कधीही टेकवू नये. हॉट रोल्ड बार पुरता गोल नसतो. स्टेडीचे रोलर त्याचा प्रत्येक उंचवटा जसाच्या तसा टूलखाली आणून ठेवतात.

बॉडीच्या भागात, मधोमध नाही तर किंचित टेलस्टॉकच्या बाजूला, ३० मिमी रुंदीचा पट्टा २९.५ व्यासावर टर्न करावा. या वेळी स्टेडीचा आधार नसतो, म्हणून कट ०.४ मिमी, फीड ०.१ आणि वेग कमी ठेवावा. पट्टा मापाला नेमका असण्यापेक्षा गोल असणे महत्त्वाचे आहे. डायल लावून रनआउट (फिरवताना काट्यावर दिसणारा फरक) ०.०१ च्या आत असल्याची खात्री करावी.

त्यानंतर स्टेडी बंद करताना डायल पट्ट्याच्या अगदी शेजारी ठेवावा. रोलर टेकले की काटा जागेवरच राहिला पाहिजे. काटा सरकला तर स्टेडीचा मध्य स्पिंडलच्या रेषेवर नाही आणि ती शाफ्टला आधार देण्याऐवजी वाकवते आहे. स्टेडी बसवताना होणारी सर्वांत महागडी चूक हीच आहे, कारण वाकवलेल्या शाफ्टवरही टूल छान चालते, फिनिश सुरेख येते आणि माप जागेवर बरोबर भरते. शाफ्ट बिघडला हे कळते ते जॉब काढल्यावर.

६. रफिंग

रफिंगला ०.८ नोज रेडियसचा (टोकाच्या गोलाईच्या त्रिज्येचा) सीएनएमजी प्रकारचा इन्सर्ट चालतो, पण होल्डर ९५ अंशांचा हवा. कडेचा कोन जितका ९० च्या जवळ, तितके बल जॉबच्या लांबीच्या दिशेने जाते आणि शाफ्टला बाजूला ढकलणारे बल कमी होते. ४५ अंशांचा होल्डर दणकट असला, तरी बारीक शाफ्टसाठी तो नको. कट नोज रेडियसपेक्षा मोठा ठेवावा. ०.८ च्या नोजवर ०.३ चा कट घेतला तर सगळे कटिंग नोजच्या गोलाईवर होते, शाफ्टवर बाजूचा दाब येतो आणि चॅटर (कापतानाची थरथर) सुरू होतो.

सुरुवातीला कटिंगचा वेग १२० ते १४० मीटर प्रतिमिनिट, फीड ०.२ आणि प्रत्येक बाजूने १ मिमी कट ठेवावा. ३२ व्यासावर १४० मीटर म्हणजे जवळपास १,४०० आरपीएम. जी ९६ (कटिंगचा वेग कायम ठेवणारा कोड) वापरत असाल तर जी ५० ने कमाल आरपीएम १,५०० वर बांधून घ्यावा, नाहीतर थ्रेडच्या लहान व्यासावर पोहोचताच मशीन वेग वाढवेल आणि शाफ्ट थरथरू लागेल.

आधी बॉडी, मग इम्पेलरकडचे टोक, मग शाफ्ट उलटवून कपलिंगकडचे टोक असा क्रम ठेवावा. सर्व व्यासांवर १.५ मिमी शिल्लक सोडावी. टोकाकडून चककडे पाहिले तर व्यास सतत वाढतच जातात, त्यामुळे जी ७१ चा (रफिंगच्या सायकलचा) साधा प्रकार पुरतो. ग्राइंडिंगसाठी खांद्याजवळ लागणारी अंडरकट (बारीक खाच) मात्र या प्रोफाइलमध्ये घालू नये. ती नंतर ग्रूव्हिंग टूलने वेगळी करावी.

*सावधान :* टेलस्टॉक लावलेला असताना टूलचा सुरुवातीचा बिंदू रिव्हॉल्व्हिंग सेंटरच्या बॉडीबाहेर असला पाहिजे. परत जाताना आधी एक्स, मग झेड. टरेट फिरताना त्यावरचे लांब ड्रिल किंवा बोरिंग बार क्विलला लागतो का, हे सिंगल ब्लॉकमध्ये आणि रॅपिड २५ टक्क्यांवर ठेवून एकदा पाहून घ्यावे. लांब चिप जॉबला गुंडाळली तर मशीन थांबवून हुकने काढावी. हातमोजे घालून फिरत्या जॉबजवळ जाऊ नये.

७. ताण काढणे आणि की-वे

रफ झालेला शाफ्ट स्ट्रेस रिलीव्हिंगला पाठवावा. ईएन ८ साठी ५५० ते ६०० अंश सेल्सिअस तापमान, जाडीच्या प्रत्येक २५ मिमीला साधारण एक तास आणि भट्टीतच थंड करणे, एवढे पुरते. हीट ट्रीटमेंटवाल्याला शाफ्ट उभा टांगायला स्पष्ट सांगावे. आडवा ठेवलेला लांब शाफ्ट तापल्यावर स्वतःच्या वजनाने वाकतो.

की-वे असेल तर तो ताण काढल्यानंतर आणि फिनिशच्या आधी पाडावा. तयार शाफ्टवर की-वे पाडला की एका बाजूचे मटेरियल निघून जाते आणि उरलासुरला ताण शाफ्टला वाकवतो.

*तपासणी :* परत आलेल्या शाफ्टच्या सेंटरमध्ये खपली असते. ती साफ करून निळ्याची तपासणी पुन्हा करावी. मग शाफ्ट दोन सेंटरमध्ये धरून मधला रनआउट पाहावा. १.५ मिमी शिल्लक असताना ०.३ पर्यंतचा रनआउट निघून जातो.

८. सेमी-फिनिश

येथून पुढे ०.४ नोजचा धारदार, पॉझिटिव्ह इन्सर्ट वापरावा. व्हीबीएमटी १६०४०४ किंवा डीसीएमटी ११टी३०४ चालेल. स्टेडीचा पट्टा नव्याने टर्न करून बॉडी २८ वर पूर्ण करावी. बॉडीला सैल टॉलरन्स असतो, त्यामुळे मधला थोडा फरक तेथे चालून जातो आणि स्टेडीला बसायला स्वच्छ जागा मिळते. टेपर, थ्रेडचा व्यास आणि कपलिंगचे टोक यांवर ०.५ मिमी शिल्लक ठेवावी. बेअरिंग सीट २५.२५ वर सोडाव्यात आणि ग्राइंडरला तसे कळवावे.

यानंतर शाफ्ट खोलीच्या तापमानाला येऊ द्यावा. गरम शाफ्ट मोजून लावलेला ऑफसेट दुसऱ्या दिवशी चुकीचा ठरतो.

९. टेपर

येथे घाई करू नये, कारण या टेपरमधली चूक मायक्रोमीटरवर लगेच दिसत नाही.

१:१० टेपरमध्ये दर १० मिमी लांबीला व्यास १ मिमीने बदलतो आणि अर्धा कोन २ अंश ५१ मिनिटांच्या आसपास असतो. प्रोग्राममध्ये कोन लिहिण्यापेक्षा दोन टोकांचे व्यास आणि लांबी द्यावी. मुख्य प्रश्न नोज रेडियस कॉम्पेन्सेशनचा, म्हणजे टोकाच्या गोलाईच्या दुरुस्तीचा आहे. टूल सेट करताना आपण एक्स आणि झेडला टेकणारे काल्पनिक टोक मोजतो, पण टेपरवर कापतो तो गोलाईवरचा दुसराच बिंदू. ०.४ नोजने आणि कॉम्पेन्सेशनशिवाय हा टेपर काढला तर व्यास सगळ्या लांबीत साधारण ०.०४ मिमी जाड राहतो. कोन अगदी बरोबर असतो, निळ्याचा ठसाही पूर्ण येतो आणि इम्पेलर मात्र ०.४ मिमी अलीकडेच अडकतो. ऑपरेटर इम्पेलरच्या बोअरला दोष देतो आणि शाफ्ट तसाच पुढच्या लॉटमध्ये जातो.

मागच्या टरेटवर, टेलस्टॉककडून चककडे जाणाऱ्या बाहेरच्या टर्निंगसाठी जी ४२ (कॉम्पेन्सेशन सुरू करणारा कोड) द्यावा. ऑफसेट पानावर रेडियस ०.४ आणि टूल टिप क्रमांक ३ भरावा. कॉम्पेन्सेशन सुरू करणारी हालचाल सरळ रेषेत, जॉबपासून दूर आणि नोज रेडियसपेक्षा लांब असावी. ते बंद करणारा जी ४० जॉब सोडल्यावरच द्यावा. फॅनक कंट्रोलवर जी ७१ च्या रफिंगमध्ये कॉम्पेन्सेशन सहसा लागू होत नाही, ते जी ७० मध्ये (फिनिशच्या सायकलमध्ये) लागू होते. म्हणून फिनिशची शिल्लक फार कमी ठेवू नये.

टूलची उंची सेंटरवर असणेही तितकेच महत्त्वाचे. टूल वर-खाली असेल तर एका व्यासावर लावलेला ऑफसेट दुसऱ्या व्यासावर चुकतो आणि टेपरची बाजू सरळ न राहता किंचित वक्र होते.

*तपासणी :* शेवटचा ०.२ मिमी ठेवून टेपर रिंग गेजने पाहावा. शाफ्टवर लांबीच्या दिशेने निळ्याच्या तीन बारीक रेघा ओढाव्यात, गेज हलक्या हाताने चढवून पाव फेरा फिरवावा आणि काढावा. रेघा मोठ्या टोकाला पुसल्या गेल्या असतील तर ते टोक जाड आहे. दोन्ही टोकांना पुसल्या जाऊन मध्ये तशाच राहिल्या असतील तर टूलची उंची पाहावी. ठसा ७५ टक्क्यांहून जास्त लांबीत आल्यावरच व्यासाचा ऑफसेट बदलावा. गेज किती मिमी पुढे जायला हवे ते मोजून त्याचा दहावा भाग व्यासातून कमी करावा.

१०. फिनिश पास आणि थ्रेड

फिनिशला ०.२५ कट आणि ०.१ फीड ठेवावे. कूलंट सुरुवातीपासून सलग चालू ठेवावे. मध्येच चालू केलेल्या कूलंटमुळे त्या जागी मापात पायरी पडते. टेपर आणि कपलिंगचे टोक झाल्यावर थ्रेड सर्वांत शेवटी करावेत. हे टोक सेंटरवरच आधारलेले असते, म्हणून थ्रेडचे शेवटचे पास अगदी हलके घ्यावेत.

चॅटर आला तर लगेच फीड कमी करू नये. बहुधा उलट करावे लागते : आरपीएम १० ते १५ टक्क्यांनी खाली आणावा आणि फीड थोडे वाढवावे. एवढ्याने थांबले नाही तर टूलचे ओव्हरहँग (होल्डरबाहेरची लांबी) आणि स्टेडीचा दाब पाहावा.

११. मोजणी, आणि चूक कोठून आली ते ओळखणे

प्रत्येक सिलिंड्रिकल भाग तीन ठिकाणी आणि प्रत्येक ठिकाणी दोन दिशांनी मोजावा. आकड्यांपेक्षा त्यांचा आकार जास्त बोलका असतो. मध्ये जाड आणि टोकांना बरोबर, म्हणजे शाफ्ट टूलपासून दूर सरकला : स्टेडी, धारदार इन्सर्ट आणि कमी नोज रेडियस हा उपाय. टेलस्टॉककडे सतत जाड होत जाणारा व्यास म्हणजे टेलस्टॉकची रेषा. एकाच जागी दोन दिशांना दोन वेगळी मापे म्हणजे चकचा दाब किंवा स्टेडीच्या पट्ट्याची गोलाई. मशीनवर सगळे बरोबर आणि सोडल्यावर वाक, म्हणजे लांब पकड, चुकीची बसवलेली स्टेडी किंवा न काढलेला ताण. या शेवटच्या चुकीला मशीनवर कोणताही इलाज नाही. तो जॉब बाजूला काढावा आणि पुढचा बार दुसऱ्या टप्प्यापासून सुरू करावा.

रनआउट तपासताना शाफ्ट चकमध्ये न धरता दोन सेंटरमध्ये धरावा. टेपर आणि कपलिंगचे टोक दोन वेगळ्या पकडींत झालेले असते. त्यांचा परस्परसंबंध फक्त सेंटरवरच खरा दिसतो.

ग्राइंडिंगला पाठवण्यापूर्वी सेंटरच्या भोकांत ग्रीस भरावे, थ्रेडवर टोपी चढवावी, शाफ्टला तेल लावावे आणि तो उभा टांगून ठेवावा. टांगायला जागा नसेल तर बॉडीखाली दोन लाकडी व्ही ठेवावेत, दोन्ही टोकांपासून साधारण १३० ते १४० मिमी आत, आणि टेपर हवेत मोकळा राहील असे पाहावे.